चांगल्या म्हावऱ्याला शिव्या

टेम्पो सुरू झाला तेव्हा माझी थोरली जाऊ हिरा ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत आली. चाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, पण माझ्यासाठी ती कधी चार पावलं चालून आली नव्हती. मागे कपाट, दोन पिंपं नि गाद्यांची गाठोडी भरली होती. मी पुढे मांडीवर सात वर्षांची नात घेऊन बसले होते. हिराने खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "सांभालून जा हां मंजुला. तुज्यासारखी बाय मिलायची नाय. लय गुनाची."

मी नातीला घट्ट धरलं.

माझा मुलगा मंगेश ड्रायव्हरला म्हणाला, "बघा, काकी किती चांगलं बोलली. उगाच लोक म्हणतात जावाजावांचं पटत नाही." तो विसरला होता. मांडीवरची प्राची मात्र मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. टेम्पो अर्नाळ्याच्या फाट्याबाहेर पडल्यावर तिने हळूच विचारलं, "आजी, मोठी आजी तुला असं का बोलली?" सात वर्षांच्या पोरीला कळलं ते पस्तिशीच्या घोड्याला कळलं नाही.

भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मी राहिले असते. माझा नवरा गेला, होडी गेली. हिराच्या मुलांना घर पाडून शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. माझी खोली दर्याच्या बाजूची. मंगेशने विरारला पूर्वेकडे मनवेलपाड्यात फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं, मंगेशलासुद्धा. आळी सोडताना मला एकीने तरी शिवी द्यायला हवी होती. एकीनेही दिली नाही. सगळ्या गोड बोलल्या.

आळीतल्या पोरांनी यंदा जत्रेला पुस्तक काढायचं ठरवलंय नि बाहेर गेलेल्यांनी लिहावं म्हणून ग्रुपवर कळवलंय. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, मी शुद्धलेखन बघते. मी म्हटलं, शुद्धलेखन बघ, मजकुराला हात लावू नको. ज्या बाया अजून तिथे आहेत आणि ज्या माझ्यासारख्या कुठल्या कुठल्या बिल्डिंगींत जाऊन पडल्या आहेत, त्या सगळ्यांसाठी हे आहे. तुम्हाला आपली रीत सांगायला नको. पण पुस्तक बाहेरचेही वाचतील, म्हणून सांगते.

होडी किनाऱ्याला लागली आणि टोपल्यांत पापलेट चमकायला लागलं की आपल्या आळीतल्या बायका नाक मुरडतात. "काय रं हा कचरा आनलास? मांजर पन तोंड लावनार नाय." ज्याची होडी तो हसतो. त्याला कळतं, आज दर्याने दिलं. चांगल्या म्हावऱ्याला, म्हणजे मासळीला, तोंडावर चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, उद्या जाळं रिकामं येतं. आणि जाळं खरंच रिकामं आलं, टोपलीच्या तळाला चार मांदेली पडली असली, तर बायका म्हणतात, "बरं हाय हो. ताजं दिसतंय." तेव्हा तो माणूस मान खाली घालून घरी जातो. लहान असताना एकदा मी भरलेली टोपली बघून "काय छान!" असं ओरडले होते. आई म्हणाली, "पुना तोंडावर चांगलं म्हनलीस तर थोबाड फोडीन." पुन्हाची वाट न बघता तिने तेव्हाच फोडलं.

पोरांना, सुनांनाही हेच. लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी हिरा दारातून म्हणाली, "उठली का ती हाडल?" आणि मला कळलं की मी पसंत पडले. ती पुढची चाळीस वर्षं मला मेले, टवळे, हाडळेच म्हणत आली. म्हणून तर त्या दिवशी टेम्पोपाशी ती "लय गुनाची" म्हणाली तेव्हा मी ओळखलं. रिकाम्या टोपलीला बोलतात तसं ती माझ्याशी बोलली होती.

मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. लिफ्ट आहे, ती चालते तेव्हा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात समोरच्या ब्लॉकमधली रत्नागिरीकडची बाई बाळ दाखवायला आली. बाळ खरोखर देखणं होतं. मी म्हटलं, "शी, काय काळं माकड जन्माला घातलंस!" ती जी वळली ती अजून आमच्या दारात आलेली नाही. ते माकड आता तिसरीत आहे आणि मला बघून जिना बदलतं.

इथे सगळे गोड बोलतात. वॉचमन गोड, दूधवाला गोड, लिफ्टमध्ये भेटणारी माणसं गोड. "कशा आहात काकू? तब्येत छान दिसते." पहिलं वर्षभर मला वाटत होतं, माझं मरण जवळ आलंय नि मी सोडून सगळ्यांना ते कळलंय. अर्नाळ्याला मासे विकायला बसायचे तेव्हा माझ्या तोंडाला लोक घाबरायचे आणि माझ्याच टोपलीशी थांबायचे. इथे माझ्या तोंडाला काम नव्हतं. घरात एकटी प्राची होती, जिला मी "ऊठ गं टवळे" म्हटलं की ती हसत उठायची. मंगेश ऑफिसात सभ्य बोलायला शिकला होता, त्याच्या बायकोला तर शिव्या आवडायच्याच नाहीत. "मुलीसमोर अशी भाषा नको ना आई." मी म्हटलं, तुला देत नाही ना शिव्या? ती म्हणाली, नाही. आणि तिला बरं वाटलं. 

आमच्या गॅलरीतून मागच्या शाळेचं मैदान दिसतं. त्यात सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट आहे, दोन्ही टोकांना खांब नि रिंगा. प्राची आठवीत त्या शाळेच्या मुलींच्या संघात गेली. मला खेळ कळत नव्हता. पण एक महिना गॅलरीत उभं राहिलं की काहीही कळतं. बॉल रिंगला लागून कुठल्या अंगाला पडणार ते फेकतानाच दिसतं, होडी वळतानाच टोपली कुठून उतरणार ते दिसतं तसं. जी आधी तिथे जाऊन उभी राहते तिला मिळतो. उरलेल्या उड्या मारतात.

पहिल्या वर्षी तो संघ सगळ्या मॅच हरला. सगळ्या म्हणजे सगळ्या. एकदा तर समोरच्या शाळेने शेवटी आपल्या राखीव पोरी उतरवल्या नि त्यांनीही हरवलं. मी गॅलरीतून उतरून कोर्टाच्या पायरीवर बसायला लागले होते. गुडघे दुखायचे, पण वरून आवाज पोचत नव्हता.

प्राची त्या संघाची कॅप्टन होती. ठेंगणी, भरलेली, हात माझ्यासारखे जाड. त्या सगळ्या नगांत तीच काय ती बरी. म्हणून मी तिलाच धरून होते.

"अगं टवळे, बॉल हाय का तापलेला तवा? हातात आला की टाकतेस!"

ती पळता पळता ओरडायची, "गप गं म्हातारे! तोंडात दात नाय नि बोंब केवढी!"

सगळं मैदान हसायचं. घरी ती शाळेतलं मराठी बोलते, पण मला उत्तर देताना तिच्या तोंडात अर्नाळा यायचा. बाकीच्या पोरींना मी म्हणायचे, "छान हो पोरींनो, छान खेळलात." त्या खूश व्हायच्या. "आजी किती प्रेमळ आहेत!" बिचाऱ्या.

ते वर्ष मला सगळ्यात चांगलं गेलं, हे मी लिहून ठेवते. संघ हरत होता आणि मला शिव्या घालायला माझं माणूस होतं.

पुढच्या जूनमध्ये संघात काजल आली. सोलापूरकडची. बाप सातिवलीला एका गोदामात माल चढवतो-उतरवतो, चाळीत एक खोली घेऊन राहतात. पोरगी दहावीत, काळी, उंच, अंगावर मांस नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावरून तिने एका हाताने बॉल काढला आणि मागे न बघता दुसरीकडे दिला. माझं तोंड माझ्या नकळत उघडलं.

"अगं हाडले! हात हायत का बोंबील वालवायच्या काठ्या?"

परक्याच्या पोरीला मी पाच मिनिटांत शिवी दिली होती. काजल दचकून थांबली. पण तिच्यापेक्षा जास्त दचकली प्राची. ती वळून माझ्याकडे बघत राहिली, तोवर तिच्या बाजूने बॉल निघून गेला.

संघ सुधारायला लागला. साळवी मॅडम खेळ शिकवतात, त्यांनी पोरींना सकाळी सहाला बोलवायला सुरुवात केली. बॉल एकीच्या हातात अडकायचा तो फिरायला लागला. काजल वरून काढायची, बाकीच्या पळायच्या. पहिली मॅच जिंकल्या तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. हरल्यावर बसायच्या तशाच सवयीने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या, मॅडमनी ओरडून सांगितलं तेव्हा उठून नाचल्या. मग दुसरी जिंकल्या. तिसऱ्या मॅचला मॅडमनी अर्ध्यातच प्राचीला बाहेर बसवलं नि तिच्या जागी एक चपळ पोरगी घातली. ती मॅच सगळ्यात सहज जिंकल्या.

मी काय बघितलं ते सांगते. प्राचीचे पाय जड आहेत, माझ्यावर गेली आहे. बॉल आला की ती आधी बघते कोण बघतंय, मग फेकते. हरणाऱ्या संघात ते चालून गेलं. जिंकणाऱ्या संघात चालत नाही. हे मॅडमना दिसलं तेव्हा मलाही दिसलं, आणि मला ते दिसलं हे प्राचीला दिसलं.

मॅच झाल्यावर ती बाटली तोंडाला लावून माझ्यापाशी आली. "मी कशी खेळले?"

मी म्हटलं, "बरी खेळलीस हो."

मी ठरवून बोलले नाही. चाळीस वर्षं वाळूत बसलेल्या बाईच्या तोंडून टोपली बघून जे निघायचं ते निघालं. तिने बाटली तशीच खाली घेतली. पाणी हनुवटीवरून टी-शर्टवर सांडलं, ते तिने पुसलं नाही. त्या दिवसापासून मला "म्हातारे" म्हणणं बंद झालं.

पुढच्या मॅचना माझ्या सगळ्या शिव्या काजलच्या वाट्याला गेल्या. तोंड भरून दिल्या. काळतोंडे, काठे, सुकटीचं भूत. ती जितकं चांगलं खेळायची तितक्या माझ्या शिव्या खालच्या थराला जायच्या. संघ जिल्ह्याच्या सेमीत पोचला. त्या शाळेत आजवर तिथे कुणी पोचलं नव्हतं.

सेमीच्या चार दिवस आधी साळवी मॅडम संध्याकाळी आमच्या घरी आल्या. चहाही घेतला नाही.

"आजी, त्या मुलीने तुमचं काय वाकडं केलं?"

"कोनाचं?"

"काजलचं. दोन दिवस ती आली नाही. रडते. म्हणते, त्या आजी मला काळी म्हणतात, भूत म्हणतात. तिची आई म्हणते, खेळ सोड, शाळा संपली की आपण गावाला परत जाऊ, इथली माणसं चांगली नाहीत."

"मी तिला वाईट कवा बोलले?"

मॅडम खुर्चीतून पुढे सरकल्या. "हाडळ म्हणालात. मी ऐकलंय!"

"मग? हाडलच हाय ती. दुसरी हाय का तिच्यासारखी कोन?"

मग मी त्यांना होडी, टोपली, पापलेट सगळं सांगितलं. मॅडम शहाण्या, शेवटी हसल्या. पण म्हणाल्या, "आजी, मला कळलं. तिला कसं कळणार? सेमीला ती हवी. नाहीतर मागच्या वर्षीसारखं होईल." प्राची आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मॅडम जाताना तिला म्हणाल्या, "काजल नाही आली तर तू पहिल्या पाचात. तयार राहा."

दुसऱ्या दिवशी मी त्या चाळीत गेले. ठरवून गेले होते की म्हणायचं, पोरी, तू चांगली खेळतेस. वाटेत तीनदा म्हणून बघितलं. दार काजलच्या आईने उघडलं. मागे ती पोरगी भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी. तिला बघितलं नि मनात आलं, सेमी तीन दिवसांवर, आत्ता मी हिला चांगलं म्हटलं आणि हिचा पाय मोडला तर? जीभ वळेना. आणि वळली तेव्हा बोलले, "काय गं काठे, घरात बसून उवा मारतेस काय?"

तिची आई म्हणाली, "ओ आजी, तुमच्या वयाकडं बघून गप बसलोय. जावा इथनं." आणि दार लावलं. बरोबरच केलं. मी असते तर आधी पाणी फेकलं असतं.

घरी आले तर प्राची जमिनीवर बसून बूट पुसत होती. पांढऱ्या पट्ट्या दातांच्या ब्रशने घासत होती.

"आली नाही ना?" तिने बुटाला विचारलं.

"दार लावलं तोंडावर."

"मग मी आहे पहिल्या पाचात."

"ती नाय आली तर हराल."

"मी आहे ना!"

"म्हनूनच हराल."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती "आई!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. प्राची घासत राहिली. तिचा एकच प्रश्न होता, या वर्षी ती कोर्टात असणार की बाकावर. जिंकून पुढच्या फेरीला मुंबईला जायचं नव्हतं तिला, बक्षीस नको होतं, पहिल्या पाचात नाव हवं होतं. ते तिला मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

मी म्हटलं, "तू जा. तिला समजावून सांग. माझं ती ऐकनार नाय."

"काय सांगू?"

"आपली रीत सांग."

"म्हणजे मी तिच्या दारात जाऊन सांगू, की माझी आजी तुला शिव्या देते कारण तू चांगली आहेस." ब्रश थांबला. "आणि तिने विचारलं, की मग तुला देते का?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या घरात तेव्हा सुनेला आणि मला दोघींनाही वाटत होतं की मी तसं बोलावं.

"नाय देत म्हनून सांग."

ती चपला घालून गेली. बूट तिथेच राहिले, एक घासलेला, एक मळका. अर्ध्या तासाने आली. "येतेय ती," एवढंच बोलली, आणि राहिलेला बूट घासायला बसली नाही. चाळीत ती काय म्हणाली ते मला नंतर काजलनेच सांगितलं. "प्राची म्हटली, आजी माझ्यासंगं कशी बोलती ते ऐक, नि तुझ्यासंगं कशी बोलती ते ऐक. मग तूच सांग कोण भारी." 

माझ्या नातीने ते दुसरीच्या उंबऱ्यावर उभं राहून म्हटलं. मी म्हणायला लावलं.

सेमी जिंकलो. मी आता "जिंकलो" लिहिते, हसू नका. मी पायरीवरून "मेले, काळतोंडे, डोळे फुटले का?" म्हणून ओरडले, तर काजल पळता पळता हात हलवून म्हणाली, "एवढंच व्हय आजी? आवाज चढवा की!" सगळे हसले. बाकावर बसलेली प्राचीही हसली. ती सगळ्यांना बाटल्या देत होती, टॉवेल देत होती, टाळ्या वाजवत होती. लोक म्हणाले, किती मोठ्या मनाची मुलगी. लोकांना काय, ते काहीही बोलतात.

फायनल वसईला होती, भर दुपारी. शाळेने बस केली होती, आया डबे घेऊन आल्या होत्या. काजलची आई माझ्यापासून दोन हात लांब बसली, मग जरा वेळाने शेंगदाण्याच्या चटणीची भाकरी पुढे केली. मी घेतली. काही बोलले नाही. चटणी चांगली होती.

समोरची शाळा दरवर्षी जिंकणारी. तरी आमच्या पोरी त्यांना चिकटून राहिल्या. एक पॉइंट पुढे, एक पॉइंट मागे, शेवटपर्यंत. माझा घसा बसला, नुसती हवा निघायला लागली. दोन मिनिटं उरली असताना काजलचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की बाहेर. ती चेहरा टॉवेलमध्ये खुपसून बाकावर बसली आणि मॅडमनी प्राचीकडे बोट केलं.

ती उठली. बुटाची नाडी एकदा ओढून बघितली. माझ्याकडे बघितलं नाही.

जवळजवळ दोन मिनिटं ती बरी होती, खरंच. जागेवर उभी राहिली, बॉल अडकवला नाही. मग शेवटचे काही सेकंद, आपण एकाने मागे. त्यांच्या पोरीच्या हातातून बॉल निसटला, चपळ पोरीने उचलून पुढे फेकला, आणि रिंगेखाली कोण होतं? प्राची. एकटी. आजूबाजूला कुणी नाही. तिथून तो बॉल मी टाकला असता.

तिने आधी वर बघितलं. पायऱ्यांकडे, माझ्याकडे. एवढाच वेळ. मग टाकला. बॉल रिंगेवर बसला, फिरला, आणि बाहेरच्या अंगाला पडला. शिट्टी वाजली.

जिल्ह्यात दुसरा नंबर आला. आदल्या वर्षी एक मॅच न जिंकलेला संघ. मॅडम रडत होत्या आनंदाने, पोरी चषक घेऊन फोटो काढत होत्या. काजलची आई काजलच्या गालावरून हात फिरवत होती. प्राची कोर्टाच्या पलीकडे खांबाला टेकून बसली होती. सून गेली, म्हणाली, छान खेळलीस बाळा. मंगेश गेला, म्हणाला, छान खेळलीस. मॅडम गेल्या, काजल गेली, सगळ्या तेच. ती सगळ्यांना मान हलवत होती.

मग मी गेले. कोर्ट ओलांडायला मला वेळ लागतो. तोवर ती माझ्याकडे बघत होती, आणि डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं. तिला एक शिवी हवी होती. टवळे, हातातला घास घालवलास, थोबाड फोडीन. एवढं म्हटलं असतं तर ती "गप गं म्हातारे" म्हणाली असती आणि माझ्या कमरेला मिठी मारून रडली असती.

"बोल ना आजी," ती म्हणाली. "बोल काहीतरी."

बायांनो, तुम्ही काय केलं असतं मला ठाऊक नाही. मी आयुष्यात रिकाम्या टोपलीला शिवी दिलेली नाही. एकदा दया म्हणून दिली की मग कुठल्याच शिवीला किंमत राहत नाही, हिराने मला दिलेल्या चाळीस वर्षांच्या सगळ्या खोट्या ठरतात.

"छान खेळलीस हो प्राची," मी म्हटलं.

ती हसली. उठली, चड्डीची धूळ झटकली. मग माझा हात दोन्ही हातांत धरला, खिडकीतून धरावा तसा, आणि गोड आवाजात, अर्नाळ्याच्या बोलीत म्हणाली, "तुज्यासारखी आजी मिलायची नाय. लय गुनाची."

आठ वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं.

सून म्हणाली, "बघा आई, तुमच्यावर किती प्रेम आहे तिचं."

तेव्हापासून आमच्या घरात कुणी आवाज चढवत नाही. प्राची मला सकाळी चहा देते, "आजी, साखर बरोबर आहे ना?" विचारते. औषधांची आठवण करते. साडी नेसले की म्हणते, छान दिसतेस. बिल्डिंगमध्ये तिचं नाव झालं आहे, नात असावी तर अशी. मी चहा पिते. वाईट वाटतं का? वाटतं. पुन्हा तेच म्हणेन का? म्हणेन.

हिराला कुणीतरी वाचून दाखवा. तिला सांगा, आपली रीत इथे पोचली. तू चालवलीस तशीच चालवणारी एक आहे इथे, तुझ्यापेक्षा धार जास्त.

नव्या वर्षाचा सराव सुरू झाला आहे. काजल शाळा संपवून गेली, पण आईबापासकट इथेच राहिली, रविवारी येऊन नव्या पोरींना शिकवते. प्राची सहाच्या आधी कोर्टात असते. कुणी आलेलं नसतं तेव्हा रिंगेखाली उभी राहून तोच बॉल टाकत राहते, पन्नास वेळा, शंभर वेळा. पायऱ्यांकडे बघत नाही. काल तिने एक असा टाकला की जाळीला नुसता घासून खाली आला. माझ्या ओठावर शिवी आली. मी दाबून धरली. एका मासळीने टोपली भरत नाही.

पण गॅलरीतून उतरून पुन्हा पायरीवर जाऊन बसायला लागले आहे. तुम्ही ग्रुपवर विचारता, मंजुळा, विरारला घर लागलं का? फ्लॅट लागला. घर अजून नाही. त्या पोरीने शिवी खाण्यासारखं काही केलं, आणि मैदानातून ओरडून मला म्हातारे म्हणाली, की लागेल. तोवर मी पायरीवर आहे.